झिजलेल्या नाण्यांची साक्ष

१९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी या गोदाकाठच्या गावात चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो तपासला आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १९०८ साली त्याचा वृत्तांत छापला. त्यांच्या मोजणीनुसार साठ्यात सुमारे १३,२५० नाणी होती आणि ती सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची होती. त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा नव्याने उमटवलेला होता. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निखंदून काढला, असे ती त्यात अभिमानाने सांगते. त्या शब्दांना आता धातूचा पुरावा मिळाला. पराभूत राजाचा चेहरा आणि त्यावर विजेत्याचा शिक्का, हे दोन्ही एकाच चांदीच्या तुकड्यावर नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. पण याच नाण्यांवरचे नहपानाचे चेहरे एकमेकांशी जुळत नव्हते. कुठे तरुण, कुठे वृद्ध, कुठे नाकाची ठेवण वेगळी. स्कॉट यांना वाटले, हे एकाच घराण्यातल्या निरनिराळ्या पुरुषांचे चेहरे असावेत. इतरांना तो ठसे कोरणाऱ्या कारागिरांच्या हातांमधला फरक वाटला. पुरावा तोच, पाहणारे दोघेही जाणते, तरी निष्कर्ष दोन. नुसत्या नजरेने इतिहास वाचण्याची मर्यादा इथे दिसते. ती ओलांडण्याचा एक मोठा प्रयत्न पुढे पुण्यात झाला, आणि त्यासाठी वापरलेले हत्यार इतिहासाचे नव्हते. ते संख्याशास्त्राचे होते.

तो प्रयत्न समजण्यासाठी आधी जुन्या चलनाचा स्वभाव ओळखला पाहिजे, आणि त्यासाठीही पांडवलेण्यांसारखे ठिकाण नाही. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात आपल्या दानाचा हिशेब दगडावर लिहून ठेवतो. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे त्याने २,००० कार्षापण ठेव म्हणून दिले, दरमहा शेकडा एक दराने. दुसऱ्या श्रेणीकडे १,००० दिले, शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे होते. हिशेब करून पाहावा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. आणि वीस गुणिले बारा म्हणजेही दोनशे चाळीस. एका कार्षापणाचीही चूक नाही. त्याच लेण्यात ७०,००० कार्षापणांच्या आणखी एका दानाची नोंद आहे, आणि एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण या दराने त्याचे २,००० सुवर्ण होतात, असेही तिथे लिहून ठेवले आहे. हा सारा व्यवहार नगांवर चालतो, वजनावर नाही. दोन हजार नाणी मोजून दिली की दोन हजार नाण्यांचे मोल पोचले, असे घेणारा आणि देणारा दोघेही मानतात. एकेक नाणे तराजूत टाकले तर मात्र दोन नाणी सहसा सारखी भरत नाहीत. हातोहात फिरून चांदी झिजते, आणि प्रत्येक नाणे आपल्या वाट्याला आलेल्या हातांइतके झिजते. ज्या फरकाकडे व्यवहार कानाडोळा करतो, त्या फरकातच काळाची नोंद दडलेली असते.

कार्षापण हे नाव नहपानाच्या कितीतरी आधीपासून चालत आले होते. त्या नावाची सर्वांत जुनी नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, ठरलेल्या वजनाला आणायचे आणि दर्शनी बाजूवर सूर्य, षडर म्हणजे सहा आऱ्यांचे चिन्ह, प्राणी, झाड अशी पाच चिन्हे एकेक करून ठोकायची, अशी त्यांची घडण. त्यांवर राजाचे नाव नाही, चेहरा नाही, सन नाही. मागच्या बाजूवर मात्र बारीकसारीक खुणा असतात. कुठे एक, कुठे चार, कुठे त्याहून जास्त, तर कुठे एकही नाही. भारतभर अशी नाणी सापडत होती आणि त्यांचा अर्थ लावताना अभ्यासकांची दमछाक होत होती. तक्षशिलेच्या भीर टेकाडावर १९१२ आणि १९२४ साली दोन साठे हाती आले तेव्हा थोडा आधार मिळाला. १९२४च्या मोठ्या साठ्यात हजाराहून अधिक आहत नाण्यांबरोबर अलेक्झांडरची आणि फिलिप अऱ्हिडियसची जवळजवळ कोरी नाणी होती. त्यामुळे तो साठा इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस पुरला गेला असावा, असे म्हणता आले. दुसऱ्या, लहान साठ्यात डायोडोटसचे सोन्याचे नाणे होते, म्हणजे तो बऱ्याच नंतरचा. ई. एच. सी. वॉल्श यांनी या नाण्यांचे सविस्तर वर्णन वजनांसह १९३९ साली पुरातत्त्व खात्याच्या प्रबंधमालेत छापले. वजनांचे तक्ते तयार होते. त्यांना प्रश्न विचारणारा मात्र अजून यायचा होता.

असे प्रश्न विचारण्याची रीत तोवर दुसऱ्याच क्षेत्रात घडली होती. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एफ. आर. वेल्डन या प्राणिशास्त्रज्ञाने बारा फासे एका वेळी, असे २६,३०६ वेळा टाकून पाचाचे आणि सहाचे दान किती वेळा पडते ते लिहून ठेवले होते. कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली आपल्या प्रसिद्ध लेखात या नोंदींना नवी कसोटी लावली. तिलाच आपण काय-वर्ग कसोटी म्हणतो. तिचे तत्त्व साधे आहे. फासा निर्दोष असेल, तर ६०० वेळा टाकल्यावर प्रत्येक दान सुमारे १०० वेळा पडावे. प्रत्यक्षात ११२, ९४, १०३, ८८, १०५, ९८ असे पडले, तर प्रत्येक अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यातला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला अपेक्षित आकड्याने भागायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. इथे ती ३.६२ येते. निर्दोष फाशाकडूनही नशिबाच्या खेळाने ही बेरीज शंभरातून पाच वेळा ११.०७च्या पुढे जाऊ शकते, म्हणून ३.६२ पाहून फाशावर संशय घेण्याचे कारण उरत नाही. वेल्डनच्या फाशांचे मात्र तसे नव्हते. पाच आणि सहा इतक्या जास्त वेळा पडले होते, की निर्दोष फाशांकडून तेवढी तफावत लाखात एखाद-दोन वेळाच दिसली असती. या कसोटीचा नेम कुठे लागतो ते इथे स्पष्ट होते. फासे खरे आहेत असे ती कधीच सिद्ध करत नाही. दिलेले गृहीत आणि समोरचे आकडे एकत्र नांदू शकत नाहीत, एवढेच ती कधीकधी ठामपणे सांगते. सराफाचा कस लागावा तशी ही कसोटी असते: खोटे पकडण्यात तिचे बळ, आणि खरे ठरलेल्या मालाबद्दल ती एवढेच म्हणते की अजून खोट सापडलेली नाही.

पिअर्सन यांची मूळ मांडणी एका ठिकाणी चुकत होती. अपेक्षित आकडे काढण्यासाठीच निरीक्षणांचा आधार घेतला, तर कसोटीची मोकळीक तेवढी कमी होते, हे आर. ए. फिशर यांनी १९२२ साली दाखवले. १९२५ साली त्यांचे संशोधकांसाठीचे पाठ्यपुस्तक निघाले आणि ही सारी साधने गणिती नसलेल्यांच्याही हाती आली. १९३३ साली रशियात कोल्मोगोरोव्ह यांनी आकड्यांचे गट न पाडता संपूर्ण वितरणाचा आलेखच गृहीत आलेखाशी ताडून पाहण्याची कसोटी मांडली. भारतात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्याला भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापली होती. म्हणजे १९४०च्या सुमारास हत्यारे तयार होती आणि ती चालवणारे हातही देशात तयार होऊ लागले होते. त्यांची गाठ जुन्या नाण्यांशी पडायला मात्र एक वेगळ्याच घडणीचा माणूस लागला.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यातल्या कोसबे इथला. वडील धर्मानंद पालीचे आणि बौद्ध धर्माचे गाढे पंडित. मुलाचे शिक्षण अमेरिकेत झाले आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी मिळाली. काशी, अलीगढ असे करत १९३०च्या दशकात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. संख्याशास्त्र आत्मसात करायचे तर खऱ्या आकड्यांशी झुंजले पाहिजे, या विचाराने ते ज्या प्रश्नांकडे वळले त्यांत आहत नाण्यांची वजने होती. १९४० साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यांचा या विषयावरचा लेख आला, १९४१ साली ‘न्यू इंडियन अँटिक्वेरी’त विस्तृत निबंध आला. नाण्यांच्या अभ्यासात वजन तोवर बहुतेक वर्णनापुरते असे: एवढे ग्रेन, एवढी गुंज, एवढ्यावर विषय संपे. कोसंबींनी वजनाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. त्यांचा प्रश्न असा होता: एकाच मापाने पाडलेली नाणी चलनात सोडली, तर काही वर्षांनी त्यांच्या वजनांचे वितरण कसे दिसायला हवे? आणि तक्षशिलेची नाणी तशी दिसतात का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कल्पनेवर सोडले नाही, हेच या प्रकरणातले सर्वांत मोलाचे पाऊल. प्राचीन नाण्यांचे वय माहीत नाही. पण ब्रिटिश अमदानीतल्या नाण्यांवर सन छापलेला असतो. म्हणून त्यांनी चलनातली हजारो आधुनिक नाणी प्रयोगशाळेच्या तराजूवर एकेक करून तोलली आणि १९४२ साली चलनाचा नाण्याच्या वजनावर होणारा परिणाम स्वतंत्र लेखात मांडला. निष्कर्ष दोन होते. नाणे जितके जुने, तितके त्या सालच्या नाण्यांचे सरासरी वजन कमी, आणि ही घट काळाच्या प्रमाणात होते. शिवाय नाणी जितकी जुनी, तितकी त्यांची वजने सरासरीच्या भोवती अधिक विखुरलेली. यामागचे कारण समजायला अवघड नाही. नाणे एका दिवसात झिजते ते नगण्य, आणि किती झिजेल ते त्या दिवसाच्या नशिबावर: कोणाच्या कनवटीला गेले, कोणत्या गल्ल्यात पडले. अशा असंख्य, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या लहान घटनांची बेरीज झाली की घंटेच्या आकाराचे प्रसामान्य वितरण तयार होते, आणि दिवस वाढतील तशी ती घंटा डावीकडे सरकत रुंद होत जाते. आता हातात एक गृहीत होते, आणि ते ज्यांचे वय छापलेले आहे अशा नाण्यांवर पारखून घेतलेले होते. जुळणीची कसोटी लावायची तर ताडून पाहण्याजोगी अपेक्षा आधी ठरवावी लागते. कोसंबींनी ती पुस्तकातून उसनी घेतली नाही. ती चालू बाजारातून मिळवली.

मग ते तक्षशिलेच्या मोठ्या साठ्याकडे वळले. मागच्या बाजूच्या खुणांच्या संख्येनुसार नाण्यांचे गट पाडले तेव्हा सरासरी वजने ओळीने उतरत गेली. एकही खूण नसलेली नाणी सर्वांत जड. जितक्या खुणा अधिक, तितके वजन कमी. याचा अर्थ खुणांची संख्या नाण्याच्या वयाबरोबर वाढते. कोसंबींनी त्यावरून अनुमान काढले की या खुणा टांकसाळीच्या नव्हेत. चलनातल्या नाण्यांची ठराविक काळाने पारख करणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्या उमटवल्या असाव्यात. ज्या खुणांना सजावट किंवा गूढ संकेत मानले जात होते, त्या एकाएकी घड्याळाचे काटे झाले. पुढचे पाऊल दर्शनी चिन्हांचे. एकाच पंचचिन्ह-गटाची नाणी एका राजवटीची मानली, तर गटांची सरासरी वजने त्या राजवटींचा क्रम सांगू शकतील. हलका गट जुना, जड गट अलीकडचा. दुसऱ्या, नंतरच्या साठ्याने वेगळी हकिगत सांगितली. तिथे चांदीत तांब्याची भेसळ वाढलेली होती आणि वजने अधिक विस्कळीत होती. मौर्य राज्याच्या वाढत्या खर्चाचा आणि चलनावरच्या ताणाचा हा धातूतला ठसा, असे कोसंबींनी वाचले. राजांची नावे न सांगणाऱ्या नाण्यांतून त्यांनी अर्थव्यवस्थेची नाडी पाहिली.

या पद्धतीवरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला आक्षेप रसायनाचा. दोन हजार वर्षे जमिनीत पडलेली चांदी क्षारांनी खाल्ली जाते. सापडल्यावर आम्लाने स्वच्छ केली की आणखी वजन जाते. मग आपण मोजतो ते चलनातली झीज की मातीतली? शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर मोजणीच्या रचनेतच आहे. एकाच साठ्यातली नाणी एकाच मातीत, तितकाच काळ राहिली. मातीने सगळ्यांचेच वजन घटवले असेल. पण मागच्या बाजूला चार खुणा असलेल्या नाण्याला अधिक आणि एक खूण असलेल्याला कमी खायचे, असा भेदभाव मातीने करण्याचे कारण नाही. म्हणून एका साठ्यातली तुलना टिकते. दोन निरनिराळ्या जागचे साठे सरळ एकमेकांशी ताडायचे म्हटले, की हाच आक्षेप पुन्हा डोके वर काढतो. दुसरा आक्षेप निवडीचा. साठा पुरणारा माणूस यदृच्छेने नाणी उचलत नाही; तो जड, चांगली नाणी बाजूला काढतो आणि झिजकी बाजारात खपवतो. तसे झाले असेल तर वितरणाची डावी बाजू कापली जाईल आणि घंटा लुळी पडेल. जुळणीची कसोटी इथे खरी कामाला येते, कारण निवड झाली असेल तर ती वजनांच्या आकारात उमटते आणि प्रसामान्य वितरणाशी न जुळणारा साठा आपली कथा स्वतःच सांगतो. कसोटीत नापास होणे हे अशा ठिकाणी अपयश नसते. तीही एक माहिती असते.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. समजा आकडे गृहीताशी जुळले; म्हणून गृहीत खरे ठरले का? नाही. एकाच वितरणाकडे नेणाऱ्या वाटा अनेक असू शकतात. निरनिराळ्या टांकसाळींनी थोड्या वेगळ्या वजनाची नाणी पाडली असतील, तर त्यातूनही हलके-जड गट तयार होतील आणि काळाशी त्यांचा काही संबंध नसेल. थोड्या नाण्यांच्या गटात तर कसोटी जवळजवळ काहीही पास करते. तिची नजर तेज व्हायला संख्या लागते. कोसंबींच्या पद्धतीपेक्षा त्यांच्या काही निष्कर्षांवर, विशेषतः चिन्हगटांना विशिष्ट राजांची नावे जोडण्यावर, नंतरच्या अभ्यासकांनी प्रश्नचिन्ह लावले ते याच कारणाने. वजने क्रम सुचवू शकतात. नंद कोण आणि शिशुनाग कोण, हे त्यांना सांगता येत नाही. पण हा आक्षेप मान्य केल्याने कोसंबींचे मोठेपण कमी होत नाही, उलट त्याची जागा नेमकी कळते. त्यांच्या आधी आहत नाण्यांविषयीचे दावे असे होते, की कोणताही पुरावा आला तरी ते मोडत नसत. चिन्हांचा अर्थ लावणाऱ्याला कोण खोटे पाडणार? कोसंबींनी असा दावा मांडला की वॉल्श यांच्या तक्त्यांतली वजने उलटी निघाली असती, खुणा वाढताना वजनही वाढले असते, तर तो तिथल्या तिथे कोसळला असता. चूक ठरण्याची जोखीम पत्करणारे विधान त्यांनी इतिहासात आणले. त्यांचे काही निष्कर्ष टिकले नाहीत, पण जोखमीची ही रीत टिकली.

पुढे कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. वितरणे आणि यदृच्छा यांच्याशी त्यांचा संबंध नाण्यांपुरता नव्हता. १९४३ साली फलन-अवकाशातील संख्याशास्त्रावर त्यांनी लिहिलेला निबंध आज कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विस्ताराची पूर्वखूण मानला जातो, आणि जनुकशास्त्रातले त्यांचे अंतर-सूत्र अजूनही त्यांच्याच नावाने वापरात आहे. १९६६ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांनी नाणकशास्त्राच्या या वैज्ञानिक पद्धतीवर पुन्हा लिहिले आणि त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. विषयाची पुढची मोठी मजल नाशिकनेच मारली. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी इथे नाणकशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था उभी राहिली. तिचे तेव्हाचे संचालक परमेश्वरीलाल गुप्त यांनी टेरी हार्डेकर यांच्यासोबत मगध-मौर्य मालिकेतल्या आहत नाण्यांची जी वर्गवारी १९८५ साली तिथून प्रसिद्ध केली, ती या नाण्यांच्या अभ्यासाची प्रमाण साधनसूची झाली. चिन्हांची सूक्ष्म नोंद आणि वजनाची गणिती पारख या दोन वाटा एकमेकींना छेद देणाऱ्या वाटतात. वस्तुतः पहिलीशिवाय दुसरी आंधळी असते. गट चुकीचे पाडले, तर त्यांवरची कसोटी कितीही काटेकोर असली तरी उत्तर चुकीचेच येणार.

आता पुन्हा जोगलटेंभीच्या साठ्याकडे पाहिले तर तो वेगळा दिसतो. स्कॉट यांच्या आकड्यांनुसार पुन्हा ठसा उमटवलेल्या नाण्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्के. गौतमीपुत्राच्या माणसांनी हाती येईल ते नाणे सरसकट ठोकले असेल, तर चेहऱ्याच्या प्रत्येक प्रकारात, तरुण असो की वृद्ध, दहांतली जवळपास सात नाणी ठसा घेतलेली निघावीत. एखाद्या प्रकारात हे प्रमाण नशिबाच्या खेळाने समजावून देता येणार नाही इतके खाली असेल, तर ती नाणी टांकसाळीच्या वाटेवर आलीच नाहीत, म्हणजे ती कोणाच्या तरी तिजोरीत आधीच निजली होती, अशी शंका घ्यावी लागेल. वजनांचाही असाच ताळा घेता येतो: ठसा न घेतलेली नाणी लवकर चलनाबाहेर गेली असतील, तर ती कमी झिजलेली, म्हणून सरासरीने जड भरायला हवीत. आणि चेहऱ्यांचे वेगळेपण काळाचे असेल, राजाच्या वयाचे किंवा घराण्यातल्या पिढ्यांचे, तर आधीच्या चेहऱ्याची नाणी नंतरच्या चेहऱ्याच्या नाण्यांपेक्षा हलकी निघावीत. कारागिरांच्या हातांचा फरक असेल, तर वजनांत असा कल दिसू नये. स्कॉट यांचा तर्क आणि त्यांच्या विरोधकांचा तर्क, दोन्ही नजरेच्या आधारावर वर्षानुवर्षे समोरासमोर उभे राहू शकतात. तराजूपुढे त्यांतला प्रत्येक काहीतरी भाकीत करतो आणि त्या भाकितावर अडकू शकतो. दोन हजार ठेवीचे वर्षाला दोनशे चाळीस व्याज चुकता हिशेबात मांडणाऱ्या उषवदाताच्या लेखाच्या परिसरात हा ताळा परका वाटू नये. त्याने नग मोजले. कोसंबींनी त्या नगांमधला फरक मोजायला शिकवला, आणि त्या फरकाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार दिला.